गाडीचा मोतीबिंदू

बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि आमच्या घरातल्या सगळ्या वस्तूंचे दिवस फिरले.

पट्टी निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना छताच्या कोपऱ्यातलं जाळं दिसलं. मग पंख्याच्या पात्यांवरची धूळ दिसली. मग पोळीवरचे काळे डाग दिसले, पण ते त्यांनी मोठ्या मनाने पोटात घातले. इतकी वर्षं जिला ते राखाडी समजत होते ती माझ्या बायकोची साडी निळी निघाली, याचं त्यांना फार नवल वाटलं. शेवटी माझ्याकडे बराच वेळ बघून ते बायकोला हळूच म्हणाले, "वं बाई, हा कधीपासून म्हातारा झाला?"

बाबा शेतकरी. आमचं गाव कळमेश्वरच्या पुढे, आत. आई गेल्यापासून ते तिथे एकटेच राहत होते. शेत बटईने, म्हणजे अर्ध्या वाट्यावर, दिलेलं होतं, घरात स्वतःपुरता भात शिजवायचे, त्यावर कुणीतरी वाटीभर वरण आणून द्यायचं. आमच्या घराण्यात कॉलेजात जाऊन पास होणारा मी पहिला. पदवी घेतानाचा माझा काळ्या झग्यातला फोटो बाबांनी देव्हाऱ्याच्या बाजूलाच लावला आहे. तो पाहून गावातली एक म्हातारी "वकील झाला का वं पोरगा?" असं विचारून गेली होती. मी बँकेत लागलो, नागपुरात धरमपेठेतल्या शाखेत बसू लागलो, शहराच्या टोकाला बेसाला फ्लॅट घेतला. हे सगळं बाबांच्या कष्टावर झालं. त्यामुळे आता त्यांनी आमच्याकडेच राहावं, एवढी एकच गोष्ट मला हवी होती. आणि तेवढीच त्यांना नको होती.

भांडण झालं असं नाही. त्यांनी फक्त आल्या दिवशी आपली कापडी थैली दाराजवळच्या खुंटीला अडकवली आणि सांगून टाकलं, की डॉक्टरनं शेवटचं तपासलं की मी चाललो. थैलीत दोन धोतरं, एक सदरा, तंबाखूची डबी. कपाटात त्यांच्यासाठी एक खण रिकामा केला होता, तो रिकामाच राहिला. जाता-येता ती थैली मला दिसायची आणि ती जणू बसची वाट बघत उभी आहे असं वाटायचं.

कारण विचारलं तर म्हणाले, "इथं कोनी रामराम करत नाही गा."

गावात बाबांना घरापासून पानठेल्यापर्यंत जायला सहज तास लागतो. अंतर एवढं नाही, पण वाटेत जो भेटेल त्याला रामराम, त्याच्या बैलाची चौकशी, त्याच्या जावयाची चौकशी. बेसाला आमच्या इमारतीच्या फाटकापाशी एक बाक आहे. तिथे ते सकाळी जाऊन बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला रामराम घालायचे. लोक वाईट नव्हते. पण कुणाच्या कानात फोनची बोंडं असायची, तो "हां, बोलो" म्हणून पुढे जायचा. एका भल्या माणसाने थांबून, आम्हाला काही विकत घ्यायचं नाही असं नम्रपणे सांगितलं. एका पोरीने तर त्यांना चौकीदार समजून पार्सल हातात ठेवलं आणि ती लिफ्टमध्ये शिरली. बाबांनी ते पार्सल दुपारपर्यंत मांडीवर धरून ठेवलं. घरी आल्यावर म्हणाले, "रामराम केला नाही, पन भरोसा केला. चला, तेवढं तरी."

आता गाडीकडे वळतो.

माझी गाडी जुनी, दुसऱ्याच्या हातून घेतलेली. तिचे हेडलाइट मूळचे, कंपनीने बसवलेले पिवळे बल्ब. त्यांच्यावरच्या काचा उन्हाने धुरकटलेल्या. मला त्यात काही खटकत नव्हतं, कारण ती गाडी असणं हेच मला अजून खरं वाटत नाही. एकदा संध्याकाळी बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे दाखवून आम्ही धरमपेठेतून घरी निघालो. दिवेलागणीची वेळ. मी लाइट लावले. बाबांनी आधी सवयीने हात जोडले. आमच्याकडे संध्याकाळी दिवा लागला की हात जोडतात, मग तो देवघरातला असो की गाडीचा. हात जोडून झाल्यावर त्यांनी काळा चष्मा कपाळावर चढवला, रस्त्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि विचारलं,

"मोतीबिंदू माह्या डोळ्याले होता का तुह्या गाडीले?"

मी म्हटलं, बाबा, बरं दिसतं की.

"काय दिसते? तो कुत्रा उठून गेला म्हनून वाचला. तुले दिसला होता का?"

मला खरंच दिसला नव्हता. बाबांनी तिथेच निदान केलं. गाडीचं बुबुळ पांढरं पडलं आहे, डोळा पिकला आहे, ऑपरेशन करावं लागेल. आणि आपलं झालं तसं तिचंही चांगल्या ठिकाणी व्हावं, असा त्यांचा आग्रह पडला.

मग एका रविवारी आम्ही गाडीच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदार उत्साही होता. त्याने काउंटरखालून एलईडी बल्बांचा डबा काढला आणि म्हणाला, "भाऊ, ये लगाओ, रात में दिन हो जायेंगा." बाबा म्हणाले की दिवसाच हिंडायचं असतं तर लाइट कायले लागले असते? पण एकंदरीत त्यांना तो माणूस आवडला. ते प्लास्टिकच्या स्टुलावर काळा चष्मा लावून बसले आणि बॉनेट उघडल्यापासून लागेपर्यंत सगळं बघत राहिले. टाके पडतात का, असं त्यांनी विचारलं. दुकानदाराने मान वर न करता सांगितलं, "काका, बिना टाके का है." बाबांनी समाधानाने माझ्याकडे पाहिलं. त्यांचंही बिनटाक्याचंच झालं होतं.

हेडलाइटचे झाल्यावर दुकानदाराने गाडीच्या आतला, छताचा दिवाही बदलून दिला. जुने बल्ब तो डब्यात टाकणार, तेवढ्यात बाबा उठले. त्यांनी ते मागून घेतले, रुमालात गुंडाळले आणि काळ्या चष्म्याच्या रिकाम्या डबीत ठेवले. दुकानदार म्हणाला, काका, क्या करोगे इसका? बाबा म्हणाले, "तिच्या माहेरचं सामान आहे. असं फेकत नसतेत."

घरी आल्यावर त्यांनी मला बजावलं की आता आठवडाभर गाडीच्या डोक्यावरून पाणी घालायचं नाही. मी गाडी धुतली नाही. ते बघत असायचे.

पहिल्याच संध्याकाळी आम्ही दोघं चक्कर मारायला निघालो. आणि काय सांगू, रस्ता दिसला. खड्डे दिसले, खड्ड्यांतले खडे दिसले, दूर चाललेल्या माणसाच्या चपलेचा तुटका पट्टा दिसला. उजेड दुधासारखा पांढरा होता. बाबांनी हात जोडले ते नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.

थोडं पुढे गेलो तर समोरून येणाऱ्या गाडीने डिपर मारला. तिच्या हेडलाइटची उघडझाप झाली आणि ती गेली. मला वाटलं पुढे पोलीस असतील. मी सीटचा पट्टा नीट ओढला, सरळ बसलो. तिच्या मागून आलेल्या गाडीनेही डिपर मारला. मग एका मोटरसायकलने. मग एका ऑटोने तर तीनदा-चारदा. मी दारं नीट लागली आहेत का ते बघितलं, डिकी उघडी आहे का ते बघितलं. पोलीस काही भेटले नाहीत.

बाबा मात्र पुढे सरकून बसले होते.

"हे सगळे वळखीचे होय का गा तुह्या?"

मी म्हटलं, नाही.

"मंग वळख नसून करून राहिले?" ते म्हणाले, आणि पुढच्या गाडीने लाइट मारला तशी त्यांनी हात जोडून मान लववली. "रामराम, रामराम."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्यांना काय वाटतंय ते.

हे समजायला आमच्या बैलबंडीची आठवण सांगायला हवी. मी बारावीत होतो तेव्हा परीक्षेचं केंद्र कळमेश्वरला होतं आणि सकाळच्या पेपरला वेळेवर पोचेल अशी बस नव्हती. बाबा पहाटे बैल जुंपायचे. बंडीच्या खाली कंदील टांगलेला, मी वर गवतावर घोंगडी घेऊन डुलक्या काढत पाठांतर करायचो. रस्त्यात समोरून दुसरा कंदील हलत येताना दिसला, की बाबा अंधारातच आवाज द्यायचे, "रामराम होऽ." तिकडून "रामराम" यायचा. मग कोण गावचे, कुठे निघाले. चेहरा कुणालाच दिसायचा नाही. दिवा दिसला की माणूस आहे, आणि माणूस आहे म्हणजे रामराम, एवढंच. "पोरगं परीक्षेले नेऊन राहिलो," असं ते प्रत्येक कंदिलाला सांगायचे. माझ्या परीक्षेची बातमी माझ्याआधी कळमेश्वरला पोचायची.

तर बाबांच्या हिशेबाने हा सगळा प्रकार स्पष्ट होता. पायी चालणारा नागपूरकर माणूस ओळख दाखवत नाही, पण गाडीत बसला की त्याला रीत आठवते. दिवा दिसला की तो दिव्याने रामराम करतो.

"शहर वाईट नाही गा," ते घराशी आल्यावर म्हणाले. "आपलाच दिवा मिनमिन होता. कोनाले दिसतच नसन आपन."

आता मला काहीच कळत नव्हतं असं नाही. इतके लोक विनाकारण डिपर मारत नाहीत, एवढी अक्कल पदवीबरोबर मिळाली होती. पण बाबा हसत होते. आई गेल्यानंतर ते असे हसलेले मला आठवत नव्हते. म्हटलं, चार दिवस जाऊ देऊ.

मग रोज दिवेलागणीला चक्कर सुरू झाली. बाबा दुपारीच धोतर बदलून, टोपी घालून बसायचे. मी बँकेतून आलो की चहा पिऊन होईपर्यंत ते गाडीपाशी उभे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यांनी नवीन सूचना केली: आतला दिवा लावून ठेव. का, तर आपल्याला त्यांचा दिवा दिसतो, पण आपण उलट हात जोडतो ते त्यांना दिसत नाही. बरं वाटत नाही. मी आतला दिवाही लावला. तोही एलईडी. गाडीत असा लख्ख उजेड पडला, की आम्ही दोघं मिठाईच्या दुकानातल्या काचेच्या कपाटात ठेवल्यासारखे दिसू लागलो. पेढा आणि बर्फी. बाबा काळा चष्मा लावून, टोपी घालून, दोन्ही हात छातीशी धरून बसायचे. डिपर आला की मान लवायची.

त्याचा एक परिणाम झाला तो मी अपेक्षिला नव्हता. सिग्नलला उभे असताना शेजारच्या स्कूटरवरच्या एका गृहस्थाने बाबांना बघितलं आणि उलट नमस्कार केला. मग काचेशी वाकून त्याने विचारलं,

"काका, कोणत्या वॉर्डातून उभे आहात?"

बाबा म्हणाले, "उभा नाही बापा, बसलो आहो. नुकतंच डोळ्याचं झालं."

गृहस्थाने काळजी घ्यायला सांगितलं आणि आमच्याकडच्या नळाला पाणी कमी येतं तेवढं बघा, असंही सांगितलं. बाबांनी बघतो म्हटलं. घरी येऊन त्यांनी मला त्या पाण्याचं कुठे सांगावं लागतं याची चौकशी केली, आणि मला खरंच तक्रार कुठे करायची ते शोधून काढावं लागलं.

त्याच आठवड्यात बायकोने मला खूण केली आणि दाराकडे बोट दाखवलं. खुंटी रिकामी होती. थैली कपाटाच्या खणात गेली होती. त्या दिवशी मी ऑफिसात जाताना शीळ वाजवत होतो. मला शीळ येत नाही.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक मॅडम बसतात. त्याही बेसाच्याच बाजूला राहतात, स्कूटरने जातात-येतात. त्या दिवशी त्या उशिरा आल्या. कोपराला पट्टी, डोळे लाल. मी विचारलं काय झालं. त्यांनी पर्स टेबलावर आपटली आणि सांगू लागल्या. त्यांच्या रस्त्यावर हल्ली एक मूर्ख माणूस रोज संध्याकाळी गाडी घेऊन फिरतो. गाडीला असे पांढरे लाइट लावले आहेत, की समोरच्याच्या डोळ्यांपुढे फक्त पांढरं होतं, रस्ता दिसतच नाही. काल त्या सरळ रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या गिट्टीच्या ढिगावर चढल्या. नशीब, गिट्टीच होती.

"मी रोज त्याला डिपर मारते सर, की बाबा, खाली कर ते लाइट. शिव्यासुद्धा देते, आता तुमच्यापासून काय लपवायचं. आणि त्याच्या बाजूला आतला दिवा लावून एक म्हातारा बसलेला असतो. मी शिव्या देते आणि तो मला हात जोडतो. कालही जोडले. मी गिट्टीवर पडलेली, आणि तो मान हलवून रामराम करून राहिला."

मी त्यांना माझा चहा दिला. त्यांनी घेतला. मग माझी बिस्किटंही दिली. त्या म्हणाल्या, सर, तुम्ही किती चांगले आहात.

घरी येऊन मी बायकोला स्वयंपाकघरात गाठून सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. ती आधी हसली. पदराने डोळे पुसेपर्यंत हसली. मग थांबली, आणि कणकेचा हात तसाच धरून म्हणाली, "लाइट काढले तर मामाजी जातील. नाही काढले तर तुमच्या मॅडम आज गिट्टीवर गेल्या, उद्या नालीत जातील."

प्रश्न तेवढाच होता. याहून चांगला मला कुणी मांडून दिला नसता.

मी आधी मधला मार्ग शोधला. दुकानदाराकडे जाऊन हेडलाइटची तोंडं खाली करून घेतली. त्याने इतकी खाली केली की गाडी आपल्याच पायांकडे बघत चालल्यासारखी वाटायला लागली. तरी डिपर थांबले नाहीत. मग त्याने मोकळेपणाने सांगितलं, की भाऊ, तुमच्या गाडीचा लाइटचा डबा जुन्या बल्बासाठी बनला आहे. आतला आरसा त्या बल्बाच्या तारेच्या जागेप्रमाणे वळवलेला असतो. नवीन बल्बाचा उजेड त्या जागेवरून निघत नाही, म्हणून तो सगळीकडे सांडतो. खाली करा, वर करा, सांडणारच. पोलिसाने अडवलं तर तेही आहेच. मी म्हटलं, हे आधी का नाही सांगितलं? तो म्हणाला, आपने पूछा ही नहीं, काका तो टाके पूछ रहे थे.

म्हणजे जुने बल्ब परत लावायचे. आणि जुने बल्ब बाबांकडे, चष्म्याच्या डबीत.

मी वाक्यं जुळवली. बल्ब बिघडले म्हणावं, की गॅरंटी संपली म्हणावं? बँकेत दिवसभर लोकांना समजावतो, पण बाबांसमोर बसलो तर माझं तोंड बारावीतलं झालं. ते पलंगावर बसून डोळ्यात थेंब टाकत होते. मी शेवटी अर्धंच खरं सांगितलं.

"बाबा, ते जुने बल्ब द्या. नवीन लाइटचा समोरच्याच्या डोळ्याले तरास होऊन राहिला."

एक थेंब गालावर ओघळला. तो त्यांनी पुसला नाही.

"डोळ्याले?"

"हो. त्यायले रस्ता दिसत नाही. परवा एक बाई पडली."

बाबा बराच वेळ डोळे मिटून बसले. थेंब टाकल्यावर तसं बसायला डॉक्टरनेच सांगितलं होतं, त्यामुळे ते विचार करत आहेत की औषध मुरवत आहेत हे मला कळेना. मग त्यांनी उशीखाली हात घालून डबी काढली.

"डोळ्याचा तरास म्हनते तर आजच काढ," ते म्हणाले. "काही न दिसनं काय असते, मले इचार. बाईले लागलं का?"

मी म्हटलं, कोपराला. त्यांनी हळद लावायला सांगितली.

संध्याकाळी दुकानात जाऊन जुने बल्ब बसवले. बाबा या वेळी स्टुलावर बसले नाहीत, गाडीतच बसून राहिले. मी लाइट लावले तेव्हा समोरच्या भिंतीवर ओळखीचा पिवळा, धुरकट डाग पडला. बाबांनी हात जोडले.

मग आम्ही नेहमीची चक्कर मारली. मला ती मारायची नव्हती, पण सरळ घरी गेलो असतो तर ते जास्त वाईट दिसलं असतं. आतला दिवा चालू होता, त्याने कुणाचे डोळे दिपत नव्हते. बाबा टोपी घालून, हात गुडघ्यांवर तयार ठेवून बसले होते. गाडी आली, गेली. मोटरसायकल आली, गेली. ऑटो आला, गेला. कुणी काही केलं नाही. सगळे आपापला रस्ता बघत गेले, जसं जायला हवं तसं. बाबांचे हात दोनदा गुडघ्यांवरून उचलले गेले आणि परत ठेवले गेले. मी समोर बघत होतो. मनात खुंटी दिसत होती आणि खुंटीला थैली.

बराच रस्ता गेल्यावर ते म्हणाले, "आज कोनी नाही."

मी म्हटलं, आज सोमवार आहे. माझ्या तोंडातून असं काही का निघालं, माहीत नाही.

"सोमवारचा काय संबंध?" ते म्हणाले. मग म्हणाले, "पन मी म्हनतो, दुसऱ्यानंच काहून पयले कराचा? तू साहेब झाला म्हनून?"

मी गिअर बदलला.

"बंडीवर रीत कशी होती? समोरून भरली बंडी आली की रिकाम्या बंडीनं बाजूले व्हावं आन् पयले रामराम करावं. आपल्या बंडीत काय आहे सांग. मी आन् तू. रिकामीच म्हनाची." समोरून पाण्याचा टँकर येत होता, ओझ्याने हळूहळू, मागून पाणी सांडत. बाबांनी बोट दाखवलं. "तो पाय, भरला आहे. कर त्याले."

मी गाडी जरा बाजूला घेतली आणि डिपरचा दांडा हळूच एकदा ओढून सोडला. पिवळा उजेड पापणी लवल्यासारखा झाला. टँकरवाला मोठ्या लाइटवर येत होता. त्याने लगेच लाइट खाली केला, आणि आमच्या बाजूने जाताना भोंगा वाजवला, जाडजूड, रेड्यासारखा.

बाबा सीटवर उडाले.

"मान खाली केली त्यानं! पायलं का? मान खाली करून वरतून आवाज देल्ला."

मग काय विचारता. संत्र्यांचा ट्रक भरलेला होता, त्याला. बायकापोरांनी भरलेला ऑटो होता, त्याला. सिलिंडरवाल्याला केला नाही, कारण बाबांनी निरखून सांगितलं की सिलिंडर रिकामे आहेत, तोही आपल्यासारखाच रिकामा. सगळ्यांनी उत्तर दिलं असं नाही. पण काहींनी लाइट खाली केले, काहींनी उलट एकदा उघडझाप केली, आणि एका बसच्या ड्रायव्हरने खिडकीतून हात काढला. तो बहुधा थुंकायला वाकला असावा, पण हातही होता.

घराच्या वळणावर बाबा एकदम म्हणाले, "पयलेचे रामराम जरा तिखट होते गा."

मी त्यांच्याकडे बघितलं. आतल्या दिव्यात त्यांचा काळा चष्मा चमकत होता, डोळे दिसत नव्हते.

"हे सपक आहेत," ते म्हणाले. "पन पोटाले बरे."

त्यांना केव्हा कळलं, मी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

ऑफिसातल्या मॅडम त्यानंतर एकदा म्हणाल्या, सर, तो मूर्ख माणूस सुधारला बरं का, ते लाइट गेले. पण काल भाजी आणि दोन पिशव्या घेऊन मी स्कूटरवर चाललेली, तर एका जुन्या पिवळ्या लाइटच्या गाडीने मला उगीचच डिपर मारला. मला वाटलं ओळखीचं कुणी आहे. मीही मारला उलटून. मी विचारलं, मग? त्या म्हणाल्या, मग काही नाही, बरं वाटलं. मी त्यांना बिस्किट दिलं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरने बाबांना शेवटचं तपासलं. डोळा उत्तम आहे, काळा चष्मा सोडा, आता गावाला जायला हरकत नाही, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. मला त्या डॉक्टरचा थोडा राग आला. परतीच्या वाटेवर दोन भरलेले ट्रक गेले, पण बाबांनी मला एकदाही 'कर' म्हणून सांगितलं नाही. मी आपणहून दोघांनाही रामराम केला.

घरी आल्यावर ते सरळ कपाटाकडे गेले आणि त्यांनी थैली बाहेर काढली. बायको पोळ्या लाटता लाटता थांबली. त्यांनी थैलीतलं एक धोतर काढून खणात ठेवलं, दुसरं ठेवलं, सदरा ठेवला, त्यावर तंबाखूची डबी ठेवली. मग थैली उलटी करून खिडकीबाहेर झटकली आणि तिच्या हातात दिली.

"वं बाई, ही रिकामीच पडून राहिली. संध्याकाळी आमी जातोच आहो चक्कर माराले. वांगे आनतो. थैली भरली की मंग समोरचे आपल्याले पयले करतीन."